आधी दार, मग बटण: एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी अंगावरचं एसओएस उपकरण निवडताना

गळ्यातलं बटण दाबलं की फोन लागतो, एवढंच होतं. पडलेल्याला उठवायला माणूस यावा लागतो, आणि त्याला आत यायला दार उघडावं लागतं. उपकरण महागाचं, रेंज फुल, मुलगा ठाण्याहून निघालेला, शेजारी दारापर्यंत पोचलेले आणि आतून वरची कडी घातलेली: मुंबईच्या फ्लॅटमध्ये गाडी अडते ती इथे. म्हणून खरेदीचा क्रम उलटा धरा. कोण येणार, ते आत कसे शिरणार, घरातून फोन लागतो का, आणि सगळ्यात शेवटी यंत्र कोणतं.

घाई का, तेही लक्षात घ्या. पडण्यापेक्षा पडून राहणं जास्त महागात पडतं. तासाभराहून अधिक काळ फरशीवर एका अंगावर पडून राहिलं की दाबल्या गेलेल्या स्नायूंची झीज होऊन त्यातली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. कातडीला जखमा होतात, पाणी न मिळाल्याने ग्लानी येते. हाड मोडलेलं नसतानाही माणूस आयसीयूत जातो तो यामुळे. उपकरणाने वाचवायचा आहे तो हा वेळ.

कोण येणार

बहुतेक उपकरणांत तीन ते पाच नंबर भरता येतात आणि ते एकामागून एक फिरवले जातात. पहिले दोन नंबर दहा मिनिटांत पायी पोचणाऱ्यांचेच हवेत. मुलगा पुण्यात किंवा न्यू जर्सीत असेल तर त्याचा नंबर शेवटी. त्याला आधी फोन गेला तर तो तिथून शेजाऱ्यांनाच फोन करणार, आणि तेवढी मिनिटं वाया जाणार.

दिवसाचा माणूस आणि रात्रीचा माणूस वेगळा असू शकतो. समोरचं जोडपं सकाळी साडेआठला लोकल पकडत असेल तर दुपारी त्यांचा उपयोग नाही. दुपारी घरी असणाऱ्या काकू, खालच्या मजल्यावर शिकवण्या घेणाऱ्या बाई, सोसायटीचे निवृत्त सेक्रेटरी, असं कुणीतरी शोधा आणि त्यांना समोर बसून विचारा. परस्पर नंबर भरून टाकू नका. ज्यांना विचारलेलं नसतं ते अनोळखी नंबर पाहून फोन कापतात. उपकरणातल्या सिमचा नंबर त्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ‘आजी – पडल्या’ अशा ठळक नावाने सेव्ह करून द्या आणि फोन सायलेंटवर असतानाही तो वाजेल अशी सेटिंग तिथेच बसून करा. अँड्रॉइडमध्ये तो नंबर तारांकित करून ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून तारांकित नंबरांना सूट द्या. ही सूट नुसत्या सायलेंटला लागू होत नाही, म्हणून तिथे सायलेंटऐवजी ‘डू नॉट डिस्टर्ब’च वापरायला सांगा. आयफोनमध्ये त्या नंबराच्या रिंगटोनखाली ‘इमर्जन्सी बायपास’ चालू करा.

वॉचमनचा नंबर यादीत जरूर असावा, पण त्याच्याकडे चावी नको. वॉचमन बदलत राहतात, आणि त्याचं काम लिफ्ट अडवून धरणं, गेट उघडणं, अँब्युलन्सला विंग दाखवणं हे आहे.

दार

मुंबईत बहुतेक घरांना दोन दारं असतात, लाकडी आणि बाहेरचं जाळीचं सेफ्टी डोअर. चावी दोन्हीची द्यावी लागते, आणि इथेच निम्मे लोक चुकतात. लाकडी दाराला लॅच असेल आणि नुसतं लॅच लावून झोपत असतील तर शेजाऱ्याकडची चावी चालेल. वरची कडी, साखळी किंवा आडणा घातला की चावीचा उपयोग संपला. ‘कडीशिवाय झोप लागत नाही’ हे उत्तर येणारच. त्यावर उपाय म्हणजे बाहेरूनही चावीने उघडणारं दुसरं चांगलं कुलूप बसवून घेणं आणि कडी काढून टाकणं. चावीच्या जुडग्यावर फ्लॅट नंबर लिहू नका, नुसती रंगीत रिबीन बांधा.

बाथरूमचं दार त्याहून अवघड. ते सहसा आत उघडतं, आणि आत पडलेला माणूस दाराला टेकून पडतो. ढकलायचं म्हणजे त्यालाच ढकलायचं. सुताराला सांगून दार बाहेर उघडेल असं फिरवून घेता येतं. जागेअभावी तेही जमत नसेल तर निदान आतली कडी काढा. एकट्या माणसाच्या घरात बाथरूमला कडी कशाला लागते?

कुणाकडेच चावी नसेल तर दार फोडण्यासाठी अग्निशमन दल १०१ वर आहे. पण ते शेवटचं.

घरातून फोन लागतो का

उपकरण घेण्याआधी एक जुना मोबाइल घ्या. शेजाऱ्यांकडून जिओ, एअरटेल, व्होडाफोन आयडिया असं एकेक सिम मागून त्यात घाला आणि घरभर फिरा. बाथरूमचं दार लावून, संडासात, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पलंगाच्या बाजूला खाली बसून प्रत्येक ठिकाणी खरा फोन लावून बोला. नुसत्या दांड्या मोजू नका. आरसीसीच्या बाथरूममध्ये दोन दांड्या दिसतात आणि फोन लागत नाही, हे रोजचं आहे. टॉवरच्या पंचविसाव्या मजल्यावर वेगळाच प्रकार होतो: एकाच वेळी अनेक मोबाइल टॉवरचे सिग्नल येतात आणि आवाज तुटतो. लिफ्टमध्ये तर कोणतंच सिम चालत नाही, असं गृहीत धरा. ज्या कंपनीचा फोन बाथरूममधून लागला, तेच सिम उपकरणात.

मग डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. जिओकडे २जी नाही. स्वस्तातली बरीच लॉकेट नुसती २जीवर चालतात, म्हणजे जिओचं सिम त्यात मृत. ‘४जी’ लिहिलेलं असूनही व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच आवाजाचा फोन लावायची सोय, नसेल तर जिओवर इंटरनेट चालतं, लोकेशन दिसतं, आणि ऐन वेळी आवाजाचा फोन लागत नाही. दुकानदाराला ‘४जी आहे का’ असं विचारू नका, ‘जिओच्या सिमवरून फोन लावून दाखवा’ असं सांगा. परदेशातल्या मुलांनी पाठवलेली उपकरणं बहुधा तिथल्याच कंपनीला बांधलेली असतात, त्यांचे फ्रिक्वेन्सी बँड वेगळे असतात आणि बटण दाबल्यावर फोन तिथल्याच केंद्राला जातो. ती इथे शोभेची वस्तू. नाहीच म्हणायला जीव तुटत असेल तर ठेवून द्या, पण भरवसा ठेवू नका.

अजून लँडलाइन असेल तर तिला जोडायचं बेस युनिट, म्हणजे गळ्यातल्या बटणाचा इशारा घेऊन फोन लावणारा डबा, घेता येतं. जुन्या तांब्याच्या तारेची लाइन एक्स्चेंजच्या विजेवर चाले, घरातली लाइट गेली तरी साधा फोन लागे. फायबरवर आलेल्या लँडलाइनचं तसं नाही. राउटर बंद की फोन बंद. बेस युनिटला स्वतःची बॅकअप बॅटरी हवी आणि राउटरला छोटा यूपीएस.

यंत्र

सगळ्यात स्वस्त उपाय चाळकऱ्यांनी कधीच शोधून ठेवला आहे: बिनतारी डोअरबेल. बटण आजींच्या गळ्यात किंवा मोरीत भिंतीवर, आणि वाजणारा डबा शेजारच्या घरात. सिम नको, रिचार्ज नको, ॲप नको. काही शे रुपयांत काम होतं. डब्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं ते मोकळ्या मैदानातलं. दोन आरसीसी भिंती किंवा एक स्लॅब मध्ये आला की रेंज झपाट्याने घटते, म्हणून आधी तपासा आणि मग टेप लावा. भिंतीवरचं बटण फरशीपासून फूटभर उंचीवर लावा. स्विचबोर्डच्या उंचीवरचं बटण पडलेल्याच्या हाताला लागत नाही. बटणातला सेल १२ व्होल्टचा छोटा २३ए किंवा नाण्यासारखा सीआर २०३२ असतो. दर दिवाळीला तो बदलायचा, चालू असला तरी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मोबाइलही कोलमडले होते. अशा दिवशी भिंतीपलीकडे वाजणारी बेल सगळ्यांना मागे टाकते. म्हणून दुसरं कोणतंही उपकरण घेतलं तरी ही जोडीला असू द्या.

त्याच्या वरची पायरी म्हणजे सिमवाले लॉकेट. त्यात मोठं बटण, माईक, स्पीकर आणि जीपीएस एवढं असतं. बटण दोन-तीन सेकंद दाबून ठेवावं लागेल असंच घ्या, नाहीतर कुशीवर वळताना रात्रभर फोन लागतील. सांधे आखडलेल्या बोटांनी ते दाबता येतं का, हे ज्यांना घालायचं त्यांच्याच हाताने दुकानात पाहा. स्पीकरचा आवाज टीव्ही चालू असताना ऐकू यायला हवा. बाहेरून कुणीही फोन केला तरी आपोआप उचलणारी लॉकेट असतात. त्यांत फक्त भरलेल्या नंबरांनाच परवानगी देण्याची सोय पाहून घ्या, नाहीतर कर्ज विकणारे थेट आजींच्या छातीवरून बोलू लागतात.

शक्यतो साध्या फोनवर आणि एसएमएसवर चालणारं घ्या. फक्त ॲपवर चालणाऱ्या उपकरणाचा सर्व्हर कंपनीने बंद केला की उरतं ते प्लास्टिक.

स्मार्टवॉच जमतं ते आधीपासून स्मार्टफोन वापरणाऱ्यांना. त्यात सिमवालं मॉडेल आणि नुसतं ब्लूटूथवालं मॉडेल यांतला फरक निर्णायक आहे. नुसतं ब्लूटूथवालं घड्याळ फोन जवळ असला तरच फोन लावतं. फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि माणूस मोरीत, मध्ये दोन भिंती, की संबंध तुटला. सिमवाल्यात ई-सिम, म्हणजे कार्डाशिवायचं आतच बसवलेलं सिम, लागतं आणि ते बहुधा फोनच्याच कंपनीचं हवं. बॅटरी हा स्मार्टवॉचचा कच्चा दुवा आहे. अॅपल वॉच साधारण दिवसभर चालतं, म्हणजे चार्जिंग रोज. लॉकेट दोन-तीन दिवस जातं.

दोन्हींना पैसे घालायचे नसतील तर भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलना पॅनिक बटणाची सोय २०१७ पासून बंधनकारक आहे. साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ लागतो, स्मार्टफोनवर सहसा पॉवरचं बटण लागोपाठ तीनदा दाबून. काही कंपन्या पाच वेळा दाबायला लावतात, म्हणून आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये पाहून ठेवा. अडचण एकच: फोन अंगावर नसतो. कापडी पाउचमध्ये गळ्यात घालायला तयार असतील तर ज्येष्ठांसाठीचा मागे लाल एसओएस बटण असलेला साधा फोनही वाईट नाही.

‘आपोआप कळतं’ म्हणजे काय

पडल्याचं ओळखणारी उपकरणं आत बसवलेल्या सेन्सरवरून जोरदार आदळणं आणि त्यानंतरची शांतता ओळखतात. बेशुद्ध माणूस बटण दाबू शकत नाही, म्हणून ही सोय हवीच. पण ती काय ओळखत नाही, हे कळून घ्या. भिंतीला पाठ घासत हळूहळू खाली बसणं, पलंगावरून चादरीसकट घसरणं, संडासात गुडघ्यावर येणं यात आदळणं नसतं. चक्कर येऊन पडणारी बरीच माणसं अशीच खाली जातात आणि उपकरण गप्प राहतं. उलट आरतीच्या टाळ्या, धपकन जमिनीवर बसणं, थापीने कपडे धुणं याला ते ओरडू शकतं. खोटा इशारा आला की रद्द करायला काही सेकंद मिळतात, ते कसं करायचं हे पाच-सहा वेळा करून घ्या. नाहीतर दोन खोट्या फोननंतर ‘कटकट नको’ म्हणून घड्याळ कपाटात जातं.

अॅपल वॉच जोरात पडल्यावर सुमारे मिनिटभर हालचाल दिसली नाही तर ३० सेकंदांची उलटी मोजणी करून आपत्कालीन फोन लावतं. त्यात नोंदवलेलं वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल तर ही सोय आपोआप चालू होते. मुलीने आपलं जुनं घड्याळ आईला दिलं आणि जन्मतारीख मुलीचीच राहिली, तर ती चालू झालेली नसते किंवा फक्त व्यायामाच्या वेळेपुरती असते. सेटिंगमध्ये जाऊन ‘नेहमी चालू’ करा, घड्याळ कोणत्याही कंपनीचं असो.

अंगावर राहील का

पाण्याचा प्रश्न पहिला, कारण घसरायची जागा म्हणजे ओली मोरी. अंघोळीला काढून ठेवायचं उपकरण घेऊच नका. डब्यावरचा आयपी ६७ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ही चाचणी स्थिर, साध्या पाण्यात होते. गीझरचं कढत पाणी, वाफ आणि साबण यांचा तिच्यात समावेश नाही. बादलीभर पाण्याची अंघोळ चालते, पण चार्जिंगचं झाकण नीट बसलंय का ते आधी पाहा आणि अंघोळीनंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

लॉकेटची दोरी ओढल्यावर सुटेल अशीच हवी. गजाला किंवा पलंगाच्या दांड्याला अडकून गळा आवळला जाऊ नये. मंगळसूत्र, तुळशीची माळ आणि लॉकेट एकमेकांत गुंततात आणि मग तिघांतलं लॉकेटच निघतं. दोरी माळेपेक्षा चार बोटं आखूड किंवा लांब ठेवा. पोटावर पडल्यास लॉकेट अंगाखाली जातं, पण हात आत जाऊ शकतो. अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेल्यांसाठी लॉकेट मनगटापेक्षा बरं, कारण कुठल्याही एका हाताने ते दाबता येतं. घड्याळच घालायचं असेल तर ते दुबळ्या हातात बांधा, म्हणजे चांगला हात बटणापर्यंत पोचेल. पेसमेकर असेल तर चुंबकाचा हूक असलेली दोरी किंवा पट्टा टाळा, चुंबकी चार्जर छातीपासून निदान १५ सेंटीमीटर दूर ठेवा आणि लॉकेट छातीवर घालण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुंबईच्या घामात सिलिकॉनच्या पट्ट्याखाली आठवड्यात पुरळ उठतं. पट्टा एक बोट जाईल इतका सैल ठेवा, रोज धुऊन कोरडा करा किंवा कापडी पट्टा घ्या.

चार्जिंग रात्री नको. रात्री लघवीला उठताना पडण्याची भीती जास्त. रोजची मालिका बघायची खुर्ची असेल तिच्याशेजारी चार्जर लावा. मालिका सुरू झाली की चार्जिंगला, संपली की गळ्यात.

निरोप, रिचार्ज आणि चाचणी

जीपीएस घराच्या आत चुकतं आणि मजला तर सांगतच नाही. लोकेशनची लिंक शेजारच्या इमारतीवर पडते. म्हणून एसएमएसच्या मजकुरात पत्ता लिहून ठेवा. मराठी एसएमएस एका संदेशात ७० अक्षरांचा असतो, आणि काना-मात्रा-वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात. ‘पडले आहे. बी-४०३, ४था मजला, शिवनेरी सोसायटी, पोस्टामागे, गेट २’ हे बसतं. यंत्र देवनागरी घेत नसेल तर रोमन लिपीत लिहा, तिथे १६० अक्षरं मिळतात.

सिम घेताना ते मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर घ्या आणि रिचार्ज वर्षाचा मारा. नुसत्या फोन-एसएमएसचा ३६५ दिवसांपर्यंतचा पॅक मिळतो, पण ॲपवर लोकेशन हवं असेल तर डेटाही लागतो. महिन्याच्या पॅकवरचं उपकरण कधीतरी एका सकाळी मुकं झालेलं असतं, आणि त्यावर दिवा मात्र हिरवाच असतो.

दर महिन्याच्या एक तारखेला खरं बटण दाबा. एकदा असंही करा: यादीतला पहिला मोबाइल बंद ठेवून बटण दाबा. ‘हा क्रमांक सध्या बंद आहे’ ही कंपनीची टेप काही यंत्रांना फोन उचलल्यासारखी वाटते आणि ती पुढचा नंबर फिरवतच नाहीत. असं झालं तर ते उपकरण परत करा. उचलणाऱ्याला १ दाबायला लावणारी उपकरणं या सापळ्यात पडत नाहीत.

महिन्याचे पैसे घेऊन २४ तास फोन उचलणाऱ्या सेवा आहेत. त्यांच्याकडे पैसे भरण्याआधी रात्री दोनला एकदा फोन करा. मराठीत बोलणारं कुणी आहे का, ते अँब्युलन्स स्वतः पाठवतात की फक्त घरच्यांना कळवतात, वर्गणी थकली तर उपकरण साध्या सिमवर चालतं का, एवढं विचारा. उत्तर गोल आलं तर राहू द्या.

अँब्युलन्ससाठी १०८, पोलीस किंवा काहीही सुचत नसेल तर ११२, मुंबई पोलिसांची ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन १०९०. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते, ती करून टाका. १४५६७ ही एल्डरलाइन सल्ल्यासाठी आणि तक्रारीसाठी आहे. पडल्यावर तिला फोन लावत बसू नका.

बटण कधी दाबायचं

‘कशाला त्रास द्यायचा लोकांना’ म्हणून उपकरण गळ्यात असूनही पडून राहणारे कमी नाहीत. म्हणून नियम आधीच ठरवा: खाली पडलात, शंभरपर्यंत मोजलं, उठता आलं नाही, की दाबायचं. बरं वाटतंय का, हे ठरवायचं नाही.

पलीकडच्यांसाठीही नियम हवा. फोन आला आणि पलीकडून आवाज नाही, तर ‘चुकून लागला असेल’ असं म्हणायचं नाही, चावी घेऊन निघायचं. आत गेल्यावर काखेत हात घालून ओढू नका. कंबर किंवा मांडी दुखत असेल, पाय बाहेर वळलेला दिसत असेल, तर उशी देऊन आहे तिथेच ठेवा आणि १०८ लावा. ॲस्पिरिन, वॉर्फरिन अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर बोलत-चालत असले तरी रुग्णालयात न्या. डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही दिसू शकतो. औषधांची यादी, रक्तगट आणि डॉक्टरांचा नंबर लिहिलेला कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असला की अँब्युलन्सवाल्यांना कपाटं उघडावी लागत नाहीत.